भंगारातले हलके कॅलिपर आणि पळणारी पिकअप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा नमस्कार, मी हे सदर पहिल्यापासून वाचतो, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडे १९९१ची जीएमसी सायक्लोन पिकअप आहे, इंजिन टकाटक, टर्बो पण व्यवस्थित, पण ब्रेक मला कधीच पुरेसे वाटले नाहीत, दोन-तीनदा जोरात दाबले की पेडल खाली जायला लागतं आणि जळका वास येतो. मित्र म्हणतो भंगारात पडलेल्या १९९८ ते २००२च्या कॅमेरो कारचे पुढचे अ‍ॅल्युमिनियम कॅलिपर काढून आण, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारे भाग, दोन पिस्टनवाले, हलके आहेत आणि डिस्क पण मोठी मिळते, मधे एक ब्रॅकेट घातलं की काम झालं. मला वजन जमेल तितकं उतरवायचंय, त्यामुळे डिस्क पण हलकीतली हलकी शोधतोय. हे बरोबर आहे का? आणि भंगारातून घेताना काय बघू?

उत्तर : सायक्लोनवाल्याचं पत्र आलं की आधी मी थोडा जळतो आणि मग उत्तर लिहायला बसतो. ४.३ लिटरचं टर्बो व्ही-६, २८० हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, आणि माल किती टाकायचा तर कंपनीनेच सांगितलेलं की ५०० पौंडाच्या वर नको, म्हणजे सव्वादोनशे किलो, म्हणजे ट्रक आपला नावालाच. चारही चाकांना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, होतं हे खरं, पण ब्रेक बघायला गेलं तर पुढे एका पिस्टनचे बिडाचे कॅलिपर आणि मागे चक्क ड्रम. तुमची तक्रार खोटी नाहीये.

मित्राचा सल्ला पण चुकीचा नाही. कॅमेरोचे ते कॅलिपर खरंच चांगले आहेत, डिस्क जवळजवळ ३०२ मिलिमीटरची येते, आणि हा बदल भरपूर लोकांनी केलेला आहे. माझी अडचण तुमच्या शेवटच्या वाक्याशी आहे, "डिस्क पण हलकीतली हलकी". कॅलिपर हलका घ्या, माझी काही हरकत नाही. डिस्क हलकी घेऊ नका. हे दोन्ही पार्ट एकाच चाकात बसत असले तरी वजनाच्या बाबतीत त्यांचा काही संबंध नाही.

कसं ते बघा. ड्रायव्हर धरून गाडी १७०० किलो समजू, वेग ताशी १००. ती थांबवायची म्हणजे साधारण ६५६ किलोज्यूल कुठेतरी जिरवायचे, आणि जोरात ब्रेक मारल्यावर गाडी नाक खाली घालते म्हणून त्यातले ७० टक्के तरी पुढच्या चाकांवर येतात, म्हणजे पुढच्या एकेका डिस्कवर २३० किलोज्यूल. एक किलो बीड एक डिग्री तापवायला ०.४६ किलोज्यूल लागतात. आता ८ किलोची डिस्क एका दाबात साधारण ६२ डिग्रीने तापणार आणि ५ किलोची १०० डिग्रीने. हे शंभरला. सायक्लोनवाला शंभरला थांबतो थोडाच, १६० वरून थांबवलं तर हेच आकडे अडीच पट होतात, ८ किलोवाली १६० डिग्रीने चढते आणि ५ किलोवाली अडीचशेच्या पुढे, आणि मधे गार व्हायला वेळ न देता तुम्ही परत दाबलं तर ते त्याच्यावर आणखी चढतं. हवेने आणि टायरने थोडी मदत होते ती मी धरलेली नाही, पण अंदाज यायला एवढं बास. तुमचं पेडल खाली जातं आणि वास येतो तो याच कारणाने. तापाचा आजार आहे, आणि तुम्ही औषध म्हणून ताप साठवणारं भांडंच लहान करायला निघालात.

कॅलिपरचं तसं नाही. तो फिरत नाही आणि उष्णता साठवणं हे त्याचं कामही नाही, त्याने फक्त पॅड दाबायचे आणि वाकायचं नाही. म्हणून तिथे बिडाच्या जागी अ‍ॅल्युमिनियम चालतं. फक्त एक गैरसमज काढून टाका, बिडाची घनता ७.२ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७ म्हणून कॅलिपर एक तृतीयांश वजनाचा होईल असं नाही, कारण अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या निम्म्याहूनही कमी ताठ असतं, मग ते जाड ओतावं लागतं. जुना आणि नवा दोन्ही काट्यावर ठेवा आणि खरा फरक बघा, मनातल्या मनात मोजू नका. आणि तरीही डिस्कमधून वजन काढायचंच असेल तर दोन तुकड्यांची मिळते, मधली टोपी अ‍ॅल्युमिनियमची आणि घासणारं कडं बिडाचं. टोपीला पॅड लागत नाही, तिथलं वजन गेलं तरी ताप साठवण्यात फारसा फरक पडत नाही. पण ती महाग जाते, आणि एवढे पैसे घालायचे तर मी ते आधी हलक्या चाकांत घालेन, कारण बाहेरच्या कडेला फिरणारं वजन गाडीला जास्त जाणवतं.

आता खरी मेख, जी मित्राने सांगितली नसणार. मोठी डिस्क आणि दोन पिस्टन म्हणजे जास्त ब्रेक, असं काही नसतं. चाकाला किती ब्रेक लागणार ते चार गोष्टींवर ठरतं, ब्रेक ऑइलचा दाब, पिस्टनचं क्षेत्रफळ, पॅडची पकड आणि डिस्कच्या मध्यापासून पॅडचं अंतर. उदाहरण घेऊ, आकडे समजायला घेतलेत, तुमचे तुम्ही व्हर्नियरने मोजा. जुना एकच पिस्टन ७४ मिलिमीटरचा असेल तर क्षेत्रफळ ४३ चौरस सेंटिमीटर. नवीन दोन पिस्टन ४५चे असतील तर दोघांचं मिळून ३१.८. म्हणजे दोन झाले तरी पाव भाग कमीच! डिस्क मोठी झाल्यामुळे पॅड ११० वरून १२८ मिलिमीटरवर गेला, ते १६ टक्के जास्त. गुणाकार केला की ०.८६ येतं. म्हणजे तेवढ्याच जोराने पाय दाबल्यावर पुढचा ब्रेक आधीपेक्षा १४ टक्के कमी लागणार.

आणि गंमत म्हणजे तुम्हाला ते कळणारच नाही. पिस्टनचं क्षेत्रफळ कमी म्हणजे ऑइल कमी लागतं, पेडल वरच्या वरच घट्ट होतं, आणि माणूस गाडीतून उतरून म्हणतो काय झकास ब्रेक झालेत. घट्ट पेडल वेगळं आणि चांगला ब्रेक वेगळा, यात भलेभले फसतात.

पुढचा ब्रेक कमी झाला की मागच्या ड्रमचा वाटा आपोआप वाढला. रिकामी पिकअप मागून आधीच हलकी, त्यात नाक खाली गेलं की मागच्या टायरवर उरतं काय, आणि मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी सरळ राहत नाही, शेपूट पुढे यायला बघते. एबीएस आहे ना असं म्हणाल. आहे, पण ते मूळ ब्रेकच्या हिशोबाने बसवलेलं आहे, आणि एवढ्या जुन्या एबीएसच्या भरवशावर वाटा बिघडवून ठेवायचा हे मला तरी पटत नाही.

यावर लोक काय करतात तर मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा सिलिंडर, लहान बोअरचा (आतल्या व्यासाचा) बसवतात. २५.४च्या जागी २३.८ मिलिमीटरचा बसवला तर दाब १४ टक्के वाढतो, पण तो पुढे वाढतो तसा मागेही वाढतो, पुढचा-मागचा वाटा होता तिथेच राहतो. वाटा सुधारायचा तर पुढे जास्त पकडीचे पॅड घाला, नाहीतर मागे जाणाऱ्या लाइनवर अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, बसवा. तो फक्त मागच्या लाइनवर, पुढच्यावर कधीच नाही. मी आधी पॅडकडे बघेन. पॅडच्या कडेला छापलेल्या कोडमध्ये दोन इंग्रजी अक्षरं शेजारी शेजारी असतात, पहिलं गार असतानाची पकड आणि दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पकड ०.३५ वरून ०.४२ वर नेली की वरच्या हिशोबात कमी झालेले १४ टक्के भरून निघतात. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा कमी पकडीचं असेल तर तो पॅड ठेवून द्या, तुमची तक्रारच तापल्यावरची आहे.

आता भंगार. तिथे जाताना पाना, वायर ब्रश, व्हर्नियर आणि टॉर्च घेऊन जा, आणि कॅलिपर बघताक्षणी खोलायला घेऊ नका. आधी ब्लीड निपलला, म्हणजे ऑइलमधली हवा काढायच्या स्क्रूला, बॉक्स पाना लावा आणि हळू फिरवा. सुटलं तर पुढे बघायचं. कट्‌कन तुटलं तर कॅलिपर तिथेच ठेवून घरी या, अ‍ॅल्युमिनियममध्ये तुटलेलं स्टीलचं निपल ड्रिल करून काढायला गेलात की स्टीलपेक्षा बाजूचं अ‍ॅल्युमिनियमच आधी कातलं जातं आणि आटे जातात, मी दोन रविवार यात घालवलेत आणि शेवटी कॅलिपर परत भंगारातच गेला. मग रंग बघा. रंगाला फोड आलेले असतील, रबर वितळून चिकटलेलं असेल, तर त्या गाडीला आग लागलेली असणार. असं अ‍ॅल्युमिनियम दिसायला ठणठणीत असतं पण भाजल्यामुळे मऊ पडलेलं असतं, ते फुकट दिलं तरी नको. डस्ट बूट, म्हणजे पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर, उचलून आत टॉर्च मारा, पांढरी पावडर म्हणजे ओल शिरलेली आहे. थोडी असेल तर साफ होते, पण सीलच्या खाचेत नखाला लागतील असे खड्डे असतील तर सोडा.

दोन्ही बाजूचे कॅलिपर एकाच गाडीचे घ्या. कॅलिपर ज्याच्यावर सरकतो तो मूळ ब्रॅकेट, त्याच्या पिना आणि बोल्ट हे पण घ्या, लोक नुसता कॅलिपर उचलून आणतात आणि मग ब्रॅकेटसाठी परत हेलपाटा. पिस्टनचा व्यास तिथेच मोजा, कारण बाहेरून जुळे भाऊ दिसणाऱ्या कॅलिपरमध्ये मॉडेलप्रमाणे पिस्टन वेगळे निघतात. डिस्क, पॅड आणि रबरी होज मात्र भंगारातून अजिबात आणायचे नाहीत, ते नवीनच. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, भंगारातली बहुतेक वेळा तिथे पोचलेलीच असते, आणि आतल्या हवा खेळवणाऱ्या पात्यांना किती गंज खाऊन गेलाय ते बाहेरून दिसतही नाही.

घरी आणल्यावर सील किट टाकल्याशिवाय बसवू नका, कितीही चांगला दिसू दे. पिस्टनभोवती जी चौकोनी काठाची रबरी रिंग असते ना, ब्रेक दाबल्यावर ती पिस्टनबरोबर थोडी पिळवटते आणि पाय काढला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड डिस्कपासून सुटतो तो त्या रिंगच्या जिवावर. रबर कडक झालं की ती ओढत नाही, पॅड घासत राहतो, आणि तुम्ही परत तापाच्या तक्रारीवर येता. पिस्टन काढायला हवा मारताना प्रेशर अगदी कमी ठेवा, समोर लाकडाचा तुकडा लावा आणि बोटं लांब ठेवा. जोडताना ब्रेक ऑइलच लावायचं, इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावलंत तर ते रबर फुगतं.

आता मधलं ब्रॅकेट. हे "पट्टी कापून भोकं पाडली" असलं काम नाही. पूर्ण जोरात ब्रेक मारला तर तुमच्या गाडीत पुढच्या एका कॅलिपरला डिस्क साधारण दीड टनाच्या जोराने ओढत असते, आणि तो सगळा भार त्या ब्रॅकेटवर आणि दोन बोल्टांवर. तेव्हा गाडीसाठी खास मशीनवर बनवलेलं स्टीलचं ब्रॅकेट घ्या, बोल्ट १०.९ ग्रेडचे, टॉर्क रेंचने आवळलेले, आटे सुटू न देणारा थ्रेडलॉकर लावून. कॅलिपर डिस्कच्या बरोबर मधोमध येतोय ना ते दोन्ही बाजूंनी मोजा, येत नसेल तर मशीन केलेला शिम (पातळ चकती) घाला, वॉशर कोंबू नका.

चाक बसतं का हे सगळ्यात शेवटी बघणारे लोक मला माहीत आहेत. ते आधी बघा. डिस्क आणि कॅलिपर नुसते लटकवा, कॅलिपरच्या बाहेरच्या अंगाला लहान मुलांची खेळायची माती लावा, चाक चढवून हाताने एक फेरा फिरवा आणि काढून माती कुठे किती दबली ते बघा. ३ मिलिमीटरपेक्षा पातळ राहिली तर ते चाक चालणार नाही. ३०२च्या डिस्कला १६ इंची चाक तुमच्याकडे आहेच, पण आतला आकार प्रत्येक चाकाचा वेगळा.

आणि एक माझी स्वतःची फजिती, हसायचं तर हसा. काही वर्षांपूर्वी असेच दोन कॅलिपर बसवले, चकाचक रंगवून, आणि हवा काढायला बसलो. अर्धा दिवस पंपिंग चाललंय, ऑइलचे दोन डबे संपले, पेडल आपलं स्पंजसारखं. मास्टर सिलिंडरला शिव्या देऊन झाल्या, बूस्टरवर संशय घेऊन झाला, आणि संध्याकाळी चहा प्यायला खाली बसलो तेव्हा सहज नजर गेली तर ब्लीड निपल खालच्या बाजूला! डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला होता. हवा वर जाते, निपल खाली, मग ती निघणार कुठून. निपल वर आलं पाहिजे, एवढं बघूनच बोल्ट आवळा.

सगळं झाल्यावर नवीन पॅड डिस्कवर घासून जमवून घ्यावे लागतात. मोकळ्या जागी ताशी ८० वरून २० वर, मध्यम जोराने, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, आणि मग काही मिनिटं ब्रेक न लावता चालवून गार करा. गरम असताना पाय दाबून उभे राहिलात तर डिस्कवर पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे कायम थरथर राहते. त्यानंतर ओल्या मोकळ्या जागेत कमी वेगात जोरात दाबून बघा, गाडी सरळ थांबते का, मागची चाकं आधी अडकतात का, आणि तेव्हा बाहेर कुणाला तरी चाकांकडे बघायला उभं करा, आतून नीट कळत नाही. आणि हा बदल विम्यावाल्यांना कळवून ठेवा, नंतर वाद नको.

प्रश्न : काका, माझ्या पिकअपला मागे ड्रम आहेत, ते काढून भंगारातल्या कारचे मागचे डिस्क ब्रेक टाकायचा विचार आहे, वजन कमी होईल ना?

उत्तर : होईलच असं नाही, डिस्क, कॅलिपर, ब्रॅकेट आणि हँडब्रेकची सगळी व्यवस्था धरली तर कधी कधी ड्रमएवढंच भरतं. हँडब्रेकचं आधी ठरवा. काही कारमध्ये डिस्कच्या टोपीत छोटा ड्रम असतो, काहींमध्ये हँडब्रेक कॅलिपरच्या पिस्टनलाच जोडलेला असतो. असा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत आत घालावा लागतो, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक चांगला कॅलिपर दाबून दाबून मोडतात. दुसरं म्हणजे ड्रमवाल्या जुन्या गाड्यांमध्ये मागच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असू शकतो. ड्रमला तो चालतो, डिस्कला चालत नाही, पॅड कायम घासत राहतात. तो काढा. आणि एबीएस असेल तर चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या रिंगचे दात मोजा, जुन्या रिंगला जितके होते तितकेच नव्या रिंगला पाहिजेत, नाहीतर एबीएसला वाटतं मागचं चाक वेगळ्याच वेगाने पळतंय.

प्रश्न : भोकं पाडलेल्या डिस्क हलक्या असतात आणि गार पण राहतात म्हणे, माझ्या साध्या डिस्कला लेथवाल्याकडून भोकं पाडून घेऊ का?

उत्तर : नको. भोकाच्या कडेपासून चिरा सुरू होतात, आणि तुमचा लेथवाला आतल्या पात्या कुठे आहेत ते न बघता ड्रिल मारणार. जितकं बीड काढाल तितकी डिस्क जास्त तापणार, वरचं गणित वाचा.

प्रश्न : कॅलिपर बदलताना डॉट ५ ब्रेक ऑइल टाकलं तर चालेल का, आकडा मोठा म्हणजे भारी ना?

उत्तर : आकड्याने फसू नका, डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, डॉट ३ आणि ४ मध्ये मिसळायचं नाही आणि एबीएसच्या गाडीत तर नकोच. मोठा आकडाच हवा असेल तर ५.१ घ्या, ते डॉट ४च्याच जातीचं आहे. डॉट ४ नवीन असताना कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलची हमी १५५ पर्यंतच खाली येते. ५.१ला हेच आकडे २६० आणि १८०. त्यामुळे अर्धा डबा उरला म्हणून पुढच्या वर्षीसाठी झाकण लावून ठेवू नका, तो गेला असं समजा. पहिल्या पत्रातल्या सायक्लोनवाल्यांनी पण हे बघावं, तुमच्या गाडीतलं ऑइल शेवटचं कधी बदललं होतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही, कॅलिपर शोधायला निघण्याआधी ते एकदा पूर्ण बदलून चालवून बघा, पेडल खाली जायची अर्धी तक्रार तिथेच गेली तर मला कळवा.